तालुक्याच्या शाळेतील मैदान: फक्कीच्या रेषा, एक शिट्टी आणि सात मिनिटांचे डाव

मध्यपाटी (धागाकर्ता)

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेली खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा मी घरी बसून पाहिली. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते, याचा आनंद झालाच. पण सामने पाहताना माझी नजर वारंवार खेळाडूंच्या पायांकडे जात होती. पायांत बूट आणि बुटांखाली मॅट होती; सूर मारलेला खेळाडू उठून कपडे न झटकताच पुढे पळत होता. आमच्या वेळी सूर मारून उठलेल्या मुलाच्या कोपराकडे आधी पाहावे लागत असे.

आमचे हायस्कूल तालुक्याच्या गावात होते आणि मी सांगतो आहे तो काळ 1980 च्या आसपासचा आहे. शाळेच्या क्रीडासाहित्याची खोली म्हणजे जिन्याखालची एक अंधारी जागा होती. तिच्यात दोन लाकडी खांब, सुताच्या दोरीचे एक भेंडोळे, फक्कीचे पत्र्याचे डबे, लेझमांचा ढीग, हवा गेलेला एक फुटबॉल आणि एक लोखंडी गोळा एवढाच ऐवज असे. त्या फुटबॉलमध्ये हवा भरलेली मी पाच वर्षांत पाहिली नाही. त्यामुळे आमच्यासाठी खेळ दोनच होते, खो-खो आणि कबड्डी, कारण या दोन्ही खेळांना जमीन आणि माणसे यांच्याखेरीज जवळजवळ काहीही लागत नाही.

मात्र ती जमीन आपोआप मैदान होत नसे, आणि मला खरे म्हणजे त्याविषयीच लिहायचे आहे. पावसाळा संपत आला की आठवी ते दहावीच्या मुलांना एका रांगेत उभे करून खडे वेचायला लावत. एक रांग या टोकाकडून त्या टोकाला जाई, मग दुसरी रांग तिच्या मागून जाई, आणि तरीही सामन्याच्या दिवशी कुणाच्या तरी टाचेत खडा घुसतच असे. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दोरी ताणून, मुठीतून फक्की सोडत रेषा मारण्याचे काम फक्त तिघाचौघांकडे दिले जाई आणि त्या कामाचा मान संघात निवड होण्याच्या मानापेक्षा थोडासाच कमी होता. वाकून मागे मागे सरकत, श्वास रोखून, मुठीची फट एकसारखी ठेवत रेषा मारणारा आमच्या वर्गातील एक मुलगा पळण्यात अगदीच मागे होता, पण त्याच्या रेषेवर पाय देताना आम्हालाही संकोच वाटत असे. पाणी मारणे, खांब पुरणे, गुणफलकावर खडूने आकडे लिहिणे, बाहेरगावच्या संघाला वर्ग उघडून देणे, अशी कामे वाटली जात असल्यामुळे सामन्याच्या दिवशी नुसता प्रेक्षक म्हणून उभा असलेला विद्यार्थी शोधूनही सापडत नसे.

मी संघात तिसऱ्या चौकोनात बसत असे. दहावीत असताना तालुका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमचा शेवटचा आक्रमणाचा डाव होता, गुण समान होते आणि सात मिनिटांपैकी काही सेकंद उरले होते. समोरच्या संघाच्या शेवटच्या तुकडीतील एक काटक मुलगा आम्हाला तीन मिनिटांहून अधिक वेळ पळवत होता. मला खो मिळाला, मी उठलो, त्याच्या पाठीला माझा हात लागला आणि शिट्टी वाजली. गडी बाद दिला गेला आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. त्या स्पर्शाविषयी त्या दोन गावांत अजूनही दोन मते आहेत.

आपल्या शाळेत मैदान कोण आखत असे, पंच कोण असत आणि आपण कोणत्या जागी खेळत होता, हे वाचायला मला आवडेल.

---

निवृत्त शिट्टी

मी 31 वर्षे माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्यांतील बहुतेक वर्षे तालुका आणि जिल्हा स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलो, म्हणून आखणीबद्दल थोडे अधिकाराने लिहितो.

त्या काळी खो-खोचे मैदान 29 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असे. आता लांबी 27 मीटर झाली आहे. लांबी-रुंदी मोजणे सोपे असते, अडचण असते ती काटकोनाची. दोन्ही बाजू बरोबर मोजूनही मैदान तिरके होऊ शकते आणि तिरक्या मैदानात एका संघाला कोपऱ्यात हातभर जास्त जागा मिळते. त्यासाठी आम्ही दोरीला 3, 4 आणि 5 मीटर अंतर सोडून गाठी मारत होतो. तीन मुलांनी तीन गाठी धरून दोरी ताणली की 3 आणि 4 च्या मधल्या गाठीपाशी काटकोन तयार होतो. सगळे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. 29 आणि 16 चा कर्ण 33 मीटर 12 सेंटिमीटर येतो. दोन्हींत चार बोटांचा फरक निघाला तर मी फक्की पुसायला लावत असे. मुले चिडत असत. चिडलेल्या मुलांतील दोघे पुढे बांधकामाच्या धंद्यात गेले आणि पायाची आखणी करताना माझी आठवण येते असे त्यांनी मला सांगितले, ही माझी खरी कमाई आहे.

खांब जमिनीच्या वर 120 ते 125 सेंटिमीटर असला पाहिजे, गुळगुळीत असला पाहिजे आणि हलता कामा नये. या तिसऱ्या अटीने मला आयुष्यभर छळले. वेगाने आलेला मुलगा खांबाला पंजा अडकवून स्वतःला फिरवतो, तेव्हा त्याच्या अंगाचा सगळा भार त्या खांबावर येतो. खड्ड्यात दगडगोटे ठासून, पाणी ओतून, रात्रभर ठेवल्याशिवाय खांब पक्का होत नाही आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मैदान रिकामे करून मिळालेल्या शिक्षकाला ती रात्र जागून काढावी लागते.

मी प्रशिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घेतले. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती आणि तेथे शिकताना ती गोष्ट आमच्या कानांवर इतक्या वेळा पडली होती की पहिल्या नोकरीत मीही बर्लिनला निघाल्याच्या थाटात रुजू झालो. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी माझे तास गणिताच्या जादा वर्गांना देऊन टाकले.

स्पर्धेच्या दिवशी खरी लढाई सामन्यापूर्वी, प्रवेशिकांच्या टेबलाशी होत असे. खेड्यांतील कित्येक मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून अशी लिहिलेली असे. एकेका संघात सहा-सात खेळाडू एकाच दिवशी जन्मलेले पाहिले की समोरच्या शाळेचे शिक्षक आक्षेप घेत, आणि मग त्यांच्या प्रवेशिका उघडल्या की त्यांच्याकडेही तेच निघे. शेवटी दोन्ही बाजू हसून उठत. मिसरूड फुटलेल्या एखाद्या चौदा वर्षांच्या मुलावरून मात्र हसू येत नसे.

धागाकर्त्यांना एक प्रश्न विचारतो. खो मिळाल्यावर आपण कोणत्या बाजूला तोंड करून उठलात आणि तो खेळाडू तेव्हा कोणत्या खांबाकडे होता?

---

निदानरेषा

मी कबड्डीवाला आहे, त्यामुळे खो-खोच्या पंचायतीत न पडता माझ्या खेळाविषयी लिहितो.

आमच्या वडिलांच्या पिढीत या खेळाला हुतूतू म्हणत. कबड्डी हे नाव आणि एकसारखे नियम सर्वत्र रूढ करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या शंकरराव तथा बुवा साळवी यांचे नाव आमचे सर इतक्या आदराने घेत की ते आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी असावेत असा माझा बरीच वर्षे समज होता. आज दूरचित्रवाणीवर चढाईला 30 सेकंद असतात आणि घड्याळ दिसत असते. आमच्या वेळी घड्याळ म्हणजे छाती होती. मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी दम सुरू करायचा आणि परत येईपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. पंच चढाई करणाऱ्याच्या तोंडाजवळ कान नेऊन मागे मागे चालत असत. दम तुटला की गडी बाद, मग त्याने चार जणांना स्पर्श केलेला असो.

या एका नियमामुळे संघात कोण असावे हेच बदलत होते. आमचा सर्वांत चांगला चढाईपटू अंगाने किरकोळ होता, पण तो विहिरीत बुडी मारून तळाचा दगड काढून आणणारा मुलगा होता. त्याचा दम इतका लांब चाले की समोरचे सात जण कंटाळून कुठेतरी चूक करत. त्याला कोणी पकडले तरी तो धडपडत नसे. जमिनीवर पालथा पडून, अंगावर तिघे असताना, अस्पष्ट आवाजात कबड्डी कबड्डी म्हणत तो बोटाबोटाने मध्यरेषेकडे सरकत असे. त्या सरकण्यात जो थरार होता, तो आजच्या उड्यांमध्ये मला सापडत नाही. उड्या सुंदर असतात, हे मी मान्य करतो.

मैदानाची माती खणून, चाळून, ओली करून बसवावी लागे. तिच्यात लाकडाचा भुसा मिसळला तर पडल्यावर कमी लागते, म्हणून आम्ही वखारीतून पोत्याने भुसा आणत होतो. पकडीत मी डाव्या कोपऱ्याला असे आणि माझे काम पट काढण्याचे, म्हणजे चढाई करणाऱ्याचे पाय धरून ओढण्याचे होते. ओल्या मातीत पाय कुठे घसरणार, हे आम्हाला आमच्या मैदानापुरते तळपायाने कळत असे, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या मैदानावर गेलो की पहिली पाच मिनिटे आम्ही आंधळ्यासारखे खेळत असू.

वजनाच्या अटीचीही एक आठवण आहे. वजनकाट्यावर उभे राहण्यापूर्वी आमचे दोन गडी सकाळपासून उपाशी राहून, स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होते. एकाचे वजन बसले. दुसऱ्याचे बसले नाही, तेव्हा त्याने हातातील काळा दोरा आणि कमरेचा करदोडा काढून पुन्हा वजन करण्याची विनंती केली. काट्यावर फरक पडला नाही, पण पंचांना हसू आवरेना.

---

दोन वेण्या

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद मुलांच्या मैदानाविषयी आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

आमच्या शाळेत मुलींचा खो-खोचा संघ 1984 मध्ये सुरू झाला. तो सुरू होण्यासाठी आमच्या बाई नऊ घरी नाही, तर बावीस घरी गेल्या होत्या; बावीस घरांतून नऊ खेळाडू आणि तीन राखीव मिळाल्या. पालकांचे प्रश्न दोनच असत. मुलगी काय घालून पळणार आणि अंधार पडण्याच्या आत घरी कोण पोचवणार? पहिल्या प्रश्नावर तोडगा असा निघाला की पहिले वर्ष आम्ही सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला आवळून खेळलो. दुसऱ्या वर्षी बाईंनी स्वतः कापड बेतून गुडघ्याखाली येणाऱ्या विजारी शिवल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी इतर शाळांच्या मुली हाफ पॅन्टमध्ये पाहिल्यावर आमच्यातील एकीच्या आईनेच, जी सोबत म्हणून आली होती, परतताना विचारले की या विजारी आणखी वर घेता येतील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाई स्वतः होत्या. प्रत्येकीला दारात सोडून त्या शेवटी आपल्या घरी जात असत आणि त्यांचे स्वतःचे मूल तेव्हा दोन वर्षांचे होते, हे मला फार उशिरा कळले.

सरावाच्या वेळेला मैदान मुलांकडे असे. आम्हाला सकाळी सहाची वेळ मिळाली आणि ती आमच्या पथ्यावर पडली, कारण त्या वेळी पाहायला कोणी येत नसे. मी पळतीची खेळाडू होते. संरक्षण करताना एकेरी साखळीत पळायचे, म्हणजे बसलेल्या दोन मुलींच्या मधून नागमोडी जायचे, हे फळ्यावर आकृती काढून शिकवतात. पण पाठीमागच्या मुलीच्या श्वासावरून ती खो देणार की स्वतः पुढे येणार हे ओळखणे कुणी शिकवू शकत नाही. मी एकदा पाच मिनिटे दहा सेकंद नाबाद राहिले होते. घरी सांगितल्यावर आजी म्हणाली, "पाच मिनिटं कुणाच्या हाती लागली नाहीस, यात काय मोठं? मी तर जन्मभर नाही लागले." आजी बालविधवा होती आणि तिला काय म्हणायचे होते, ते मला तेव्हा कळले नव्हते.

साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत होती आणि पुढे 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. या बातम्या वाचताना मला पदकांच्या आधी, त्यांच्या घरी परवानगी मागायला कोण गेले असेल, हाच विचार मनात येतो.

---

कडुलिंबाखाली

सर्वांची क्षमा मागून थोडे वेगळे लिहितो. मी त्याच काळात, तशाच शाळेत होतो आणि मैदानाच्या कडेला असलेल्या कडुलिंबाखाली बसून चप्पल राखण्याचे काम माझ्याकडे होते. ते काम मला आवडत होते असे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही.

शाळा सुटल्यावर सराव असे आणि शाळा सुटल्यावरच आम्हाला रानात जावे लागे. माझ्या वर्गातील सर्वांत वेगवान मुलगा शेळ्यांमागे पळत होता. त्याला पाटीवर बसून खो मिळण्याची वाट पाहण्याची सवड नव्हती. आमच्या शाळेतील सरांनी सरावाला दोन दिवस न आलेल्या मुलाला संघातून काढले, यात नियम म्हणून चूक काहीच नव्हती, पण त्या नियमाने दरवर्षी संघात त्याच त्या आळीतील मुले राहिली. "नुसता प्रेक्षक शोधूनही सापडत नसे" असे धागाकर्त्यांनी लिहिले आहे. खडे वेचायला आम्ही होतो, हे खरे आहे. खेळायला नव्हतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून त्यांना 7000 रुपये दिले आणि खाशाबा कुस्तीतील कांस्यपदक घेऊन आले. ही गोष्ट मोठी आहेच, पण ती ऐकताना मला नेहमी वाटते की एका खेळाडूच्या वाटेत एका माणसाचे घर गहाण पडावे लागत असेल, तर त्या काळाला साधा म्हणणे बरोबर नाही. तो काळ ज्यांना साधा वाटला, त्यांच्यासाठी अवघड गोष्टी दुसरे कुणीतरी करत होते.

आणि सूर मारून सोललेल्या कोपरांबद्दल लिहिताना, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला किती जणांना नेले जात असे, तेही कुणीतरी लिहावे. आमच्याकडे हळद लावत आणि घरी पाठवत.

---

मध्यपाटी

कडुलिंबाखाली, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. रेषा मारणाऱ्या मुलाविषयी मी मोठ्या कौतुकाने लिहिले, पण त्याला स्वतःला पळायचे होते का, हे मी त्याला तेव्हा विचारले नाही आणि नंतरही विचारले नाही. आपला आक्षेप मला मान्य आहे. फक्त एवढेच म्हणेन की कामांची वाटणी अन्यायाची असली तरी ते मैदान आपल्या हातांनी झाले आहे ही जाणीव सगळ्यांना होती, आणि आजच्या शाळांतील मुलांना आयते आखून मिळालेल्या मैदानावर ती येत असेल असे मला वाटत नाही. मला हे लाभाचे वाटते. आपल्याला ते ओझे वाटले असेल, तर तेही तितकेच खरे आहे.

---

आकडेमोड

निवृत्त शिट्टी सर, 3-4-5 च्या दोरीबद्दल आभार. मी त्या प्रमेयावर परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न सोडवला होता, पण त्याचा मैदानाशी संबंध असल्याचे मला आज, वयाच्या 56 व्या वर्षी कळले. आमच्या मैदानाची एक बाजू नेहमी उताराकडे झुकलेली असे आणि आम्ही त्याचा दोष पावसाला देत होतो.

---

निदानरेषा

एक विषय राहिला. 2022 मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये आक्रमण करणाऱ्या संघात वजीर असतो आणि त्याला कोणत्याही दिशेने पळण्याची मुभा असते. खेळ वेगवान झाला, प्रेक्षक वाढले. खो-खोवाल्यांना हा बदल कसा वाटतो?

---

मध्यपाटी

मला तो रुचत नाही, आणि वयामुळे रुचत नाही असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. खो-खोची सगळी गंमत एका बंधनात आहे. पळणाऱ्याला मैदानात कुठेही जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोचल्याखेरीज मागे वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. त्याला मध्येच वळायचे असेल तर स्वतः बसावे लागते आणि ज्याचे तोंड त्या बाजूला आहे अशा सोबत्याला खो देऊन उठवावे लागते. म्हणजे एकट्याला जे करता येत नाही, ते नऊ जणांनी मिळून करायचे. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून का बसतात, हे ज्या दिवशी आठवीतल्या मुलाला उमगते, त्या दिवसापासून तो खरा खो-खो खेळू लागतो. वजिराला कोणत्याही दिशेला पळू दिले की एका माणसापुरते ते बंधन सुटते आणि बाकीचे सोबती तेवढे कमी लागतात.

---

निवृत्त शिट्टी

उत्तम लिहिलेत. आता माझ्या पहिल्या प्रतिसादातील प्रश्नाचे उत्तर आपण अजून दिलेले नाही. आपण तिसऱ्या चौकोनात होता. खो मिळाल्यावर कोणत्या दिशेला गेलात?

---

मध्यपाटी

सर, प्रश्न चुकून राहिला नव्हता, मी तो टाळला होता.

मी उठलो तेव्हा तो मुलगा माझ्या उजव्या हाताला, आमच्या वडाकडच्या खांबाच्या दिशेने पळत होता. मी उजवीकडे दोन पावले टाकली, म्हणजे दिशा घेतली. त्याने हूल दिली आणि तो झटक्यात उलटा फिरून माझ्या डावीकडून निसटला. माझा उजवा पाय पुढेच होता, पण खांदे वळले. पूर्ण वळले. हात मागे गेला आणि त्याच्या पाठीला लागला. आमच्या बाजूच्या पंचांचे लक्ष त्या क्षणी वेळाधिकाऱ्यांच्या वर गेलेल्या हाताकडे होते, कारण वेळ संपत आली होती. समोरच्या गावातील लोक आजही म्हणतात की शिट्टी आधी वाजली आणि स्पर्श नंतर झाला. आमच्या गावातील लोक म्हणतात की स्पर्श आधी झाला. पंचेचाळीस वर्षे हा वाद वेळेवरून चालला आहे. खांद्यांविषयी कुणीच बोलत नाही, कारण ते फक्त आम्हा दोघांना माहीत होते. तो मुलगा उठला, त्याने माझ्याकडे पाहिले, अंगावरची फक्की झटकली आणि काही न बोलता रांगेत जाऊन उभा राहिला.

त्या विजयामुळे आम्ही जिल्ह्याला गेलो आणि पहिल्याच फेरीत डावाने हरून परत आलो.

---

निवृत्त शिट्टी

खांद्याची रेषा फिरली असेल तर तो फाऊल होतो आणि फाऊल करून केलेला गडी नाबाद ठरतो. म्हणजे सामना बरोबरीत सुटायला हवा होता. बरोबरी झाली असती तर जादा डाव झाला असता आणि त्यात आपला संघ कदाचित जिंकलाही असता. त्या दिवशी आपल्या मुलांचे पाय कसे चालत होते, ते आपल्यालाच ठाऊक.

गुणपत्रिकेवर दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्यावर पंचाला काही करता येत नाही. तो काटक खेळाडू कोणत्या शाळेचा होता, ते इथे न लिहिता मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. त्या भागातील जुन्या खेळाडूंपैकी बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांच्यातील एक जण सामन्याचा विषय निघाला की दर वेळी आपल्या पाठीकडे हात नेतो.